सुटका नंतर, आधी खरं सांगा

2 मार्च 2022 च्या दुपारी युक्रेनमधल्या भारतीय दूतावासाने खारकीव्हमध्ये अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना काढली. थोड्याच वेळात तीच सूचना आणखी तपशील घालून पुन्हा निघाली. खारकीव्ह ताबडतोब सोडा. पेसोचिन, बाबाये, बेझलुदिव्का या तीनपैकी एका वस्तीत पोहोचा. काहीही झालं तरी संध्याकाळी सहाच्या आत, आणि सहा म्हणजे युक्रेनच्या घड्याळातले. गाडी मिळत नसेल, रेल्वे स्टेशनवर खोळंबला असाल, तर चालत निघा. खाली स्टेशनपासूनची अंतरं दिली होती : 11, 12 आणि 16 किलोमीटर. आदल्याच दिवशी याच शहरात किराणा दुकानाबाहेर रांगेत उभा असलेला कर्नाटकातला एक वैद्यकीय विद्यार्थी ठार झाला होता.

वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असाच हा मजकूर. धीर देणारा एक शब्द त्यात नाही. तरीही युद्धात सापडलेल्या भारतीयांना गेल्या पस्तीस वर्षांत जे जे सांगितलं गेलं, त्यात मी या सूचनेला फार वरचा नंबर देईन. कुठे जायचं, किती लांब, किती वाजेपर्यंत आणि वाहन नसेल तर कसं, एवढं त्या मुलांना हवं होतं आणि तेवढं मिळालं. मार्ग आणि वेळ यांची माहिती रशियाकडून आली होती. पुढे ‘भारतासाठी सहा तास युद्ध थांबवलं’ अशी कहाणी पसरली आणि निवडणुकीच्या जाहिरातीपर्यंत गेली. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी दुसऱ्याच दिवशी ती नाकारली होती, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की मोहिमांची नावं पुढे येतात. सुकून, राहत, गंगा, कावेरी, अजय, सिंधू. विमानतळावर तिरंगा घेतलेली मुलं, स्वागताला मंत्री, पेढे. या मोहिमा खऱ्या आहेत आणि त्यांचं श्रेय ज्यांचं त्यांना द्यायलाच हवं. पण विमान उतरतं ती गोष्टीची अखेर असते. त्याआधीच्या आठ-पंधरा दिवसांत दूतावास काय म्हणाला, केव्हा म्हणाला, आणि ऐकणाऱ्याला ते पाळणं शक्य होतं का, यावर किती जण अडकणार हे ठरतं. या भागाचा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

युक्रेनचाच घेऊ. अमेरिकेने जानेवारी 2022 च्या तिसऱ्या आठवड्याअखेर कीव्हमधल्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना देश सोडायला सांगितलं. 11 फेब्रुवारीला व्हाइट हाउसमधून आपल्या नागरिकांना जाहीर सांगणं झालं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत निघा. भारतीय दूतावासाची पहिली सूचना 15 फेब्रुवारीची. ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही अशांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघण्याचा विचार करावा, असा तिचा आशय. आता खारकीव्हच्या वसतिगृहातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाच्या जागी बसून ती वाचा. वर्ग चालू आहेत. गैरहजेरी लागली तर वर्ष जाईल. घरच्यांनी शेत गहाण ठेवून किंवा बँकेचं कर्ज काढून फी भरली आहे. परतीच्या तिकिटाचे दर चढलेत. त्याचं राहणं अत्यावश्यक आहे की नाही, हे त्याने कुणाला विचारायचं? विद्यापीठाला विचारलं तर विद्यापीठ म्हणणार, काही होत नाही, वर्गात या. युक्रेनचं सरकारही त्या दिवसांत घबराट पसरवू नका असंच सांगत होतं. भांडवल आणि माणसं देशाबाहेर पळू नयेत ही त्याची गरज होती.

20 फेब्रुवारीला दुसरी सूचना आली. त्याच दिवशी दूतावासातल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना परत बोलावल्याच्या बातम्या झळकल्या. 22 तारखेला दूतावासाने सांगितलं की ऑनलाइन वर्गांबाबत विद्यापीठाच्या अधिकृत उत्तराची वाट बघत बसू नका, निघा. हे वाक्य आठवडाभर आधी आलं असतं तर कितीतरी मुलं आपल्या पैशाने, आपल्या पायाने घरी पोहोचली असती. 24 च्या पहाटे हल्ला झाला, आकाश बंद झालं, आणि कीव्हला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेवरून परतलं. तेव्हा युक्रेनमध्ये सुमारे 20 हजार भारतीय होते आणि त्यातले हजारो पूर्वेकडच्या शहरांत होते. मोहीम उत्तम झाली हे खरं. चार मंत्री चार सीमांवर गेले, 26 तारखेला बुखारेस्टहून पहिलं विमान 219 जणांना घेऊन मुंबईला उतरलं, पुढच्या दोन आठवड्यांत नव्वदच्या आसपास उड्डाणं झाली. पण सुमीतल्या सुमारे 700 मुलांनी बर्फ वितळवून पाणी प्यायलं आणि 5 मार्चला व्हिडिओ काढून सांगितलं की आता आम्ही आपले सीमेकडे चालत निघतो, काही झालं तर जबाबदारी सरकारची. दिल्लीहून निरोप गेला, धोका पत्करू नका, आसऱ्यातच थांबा. 8 मार्चला बसेस पोहोचल्या. मधले तीन दिवस त्या मुलांना कोणती बस, कधी, कुठून, हे कुणी सांगू शकत नव्हतं. असं असताना ‘धीर धरा’ एवढंच सांगण्यावाचून इलाज नसतो, हे मान्य. पण सूचनेतला एकेक उशिराचा दिवस पुढे असा वसूल होतो.

अधिकाऱ्यांच्या घरच्यांचा मुद्दा बारीकसा वाटेल, पण माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. अमेरिकेत त्यावर नियम आहे आणि तो रक्त सांडल्यावर झाला. डिसेंबर 1988 मध्ये हेलसिंकीतल्या अमेरिकी दूतावासाला निनावी फोन आला की फ्रँकफर्टहून निघणाऱ्या पॅन अॅमच्या विमानात बॉम्ब ठेवला जाईल. ही खबर मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासात कर्मचाऱ्यांसाठी फलकावर लागली. सामान्य प्रवाशांना कुणी सांगितलं नाही. 21 डिसेंबरला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन अॅम 103 फुटलं आणि 270 माणसं गेली. तो फोन खोडसाळपणाचा होता असं पुढे तपासात दिसलं. पण मृतांच्या नातेवाइकांचा सवाल वेगळाच होता. सरकारी नोकराला सांगण्याइतकी गोष्ट गंभीर होती, तर आमच्या मुलांना का नाही सांगितली? 1990 मध्ये काँग्रेसने कायदा केला, आणि तेव्हापासून धोक्याची जी सूचना आपल्या कर्मचाऱ्यांना द्यायची तीच त्या ठिकाणच्या सर्व अमेरिकी नागरिकांनाही द्यायची, हे तिथल्या परराष्ट्र खात्याचं धोरण आहे. अमेरिका सुटकेच्या विमानाचं भाडं बहुधा नागरिकाकडूनच, वचनचिठ्ठी लिहून घेऊन वसूल करते, तिथे आपलं सरकार कितीतरी उदार. मात्र सांगण्याच्या बाबतीत तो देश कायद्याने बांधलेला आहे आणि आपण अधिकाऱ्याच्या विवेकावर विसंबून आहोत. आपल्या 1983 च्या उत्प्रवास कायद्यात दंगल, साथ अशा कारणांनी एखाद्या देशात जाण्यावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला आहे. तिथे आधीच गेलेल्या माणसाला काय, केव्हा सांगायचं याचं बंधन नाही.

खोटा धीर कुणाच्या सोयीचा असतो, हे बघायला ब्रह्मदेशात जावं लागेल. 1941 मध्ये रंगूनमध्ये निम्म्याहून जास्त वस्ती हिंदी माणसांची होती. गोदीतले हमाल, रिक्षावाले, सफाई कामगार, कारकून, सगळे इकडचे. 23 डिसेंबरला जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, दोन दिवसांनी पुन्हा टाकले. हजारो लोक प्रोमच्या रस्त्याने भारताच्या दिशेने चालू लागले. गोदी ओस पडली, रस्त्यावरचा कचरा उचलायला माणूस उरेना. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना गाठून समजावलं, शहर सुरक्षित आहे, परत चला, आणि बरेच जण परतले. फेब्रुवारीत सरकारनेच शहर रिकामं करायचं ठरवलं, 8 मार्च 1942 ला रंगून पडलं. मग चारपाच लाख माणसं आराकानच्या आणि मणिपूरच्या डोंगरांतून पायी निघाली. त्यातली हजारो वाटेत कॉलऱ्याने, हिवतापाने, भुकेने मेली. डिसेंबरमध्येच जे निघाले होते त्यांची वाट अडवली नसती तर त्यातले किती वाचले असते, याचं उत्तर मिळणं शक्य नाही. त्यांना परत आणणाऱ्यांना गोदी चालू हवी होती, एवढं मात्र स्पष्ट आहे. युद्धात ‘काही होत नाही, थांबा’ असं कुणी म्हणालं की आपल्या थांबण्याने त्याचं काय अडतंय, हे विचारण्याची सवय ब्रह्मदेशच्या त्या वाटेने आपल्याला लावायला हवी होती.

कुवेतची कहाणी सिनेमामुळे सर्वांना ठाऊक झाली, जरा जास्तच ठाऊक झाली. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा शिरल्या तेव्हा तिथे सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय होते. केरळचे, आंध्रचे, पंजाबचे, आणि गोव्याची तर गावंच्या गावं. दिनार एका रात्रीत कागद झाला. टेलिफोन बंद. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दाम हुसेन यांनी त्यांना मिठी मारली आणि ते छायाचित्र जगभर गेलं. गुजरालांवर त्यावरून झोड उठली. आजही उठते. मला तो निर्णय रास्त वाटतो, कारण सद्दाम यांच्या राजवटीकडून वाट मिळाल्याखेरीज कुवेतहून बसरा, बगदाद, पुढे जॉर्डनची सीमा आणि अम्मान हा बसचा प्रवास झालाच नसता. अम्मान ते मुंबई 488 उड्डाणं, 59 दिवस, 1 लाख 11 हजारांवर माणसं. पण इथल्या धीराचा मोठा वाटा दिल्लीहून आला नव्हता. कुवेतमधल्या भारतीय व्यापाऱ्यांनी आणि संघटनांनी शाळांतून आसरे उघडले, धान्य वाटलं, याद्या केल्या, बस ठरवल्या. अशा वेळी माणूस आपल्या भाषेत बोलणाऱ्या ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवतो. दूतावासाच्या इंग्रजी पत्रकापेक्षा मंडळाच्या चिटणिसाचा फोन जास्त कामाचा असतो, हे तेव्हाही खरं होतं आणि व्हॉट्सअॅपच्या काळातही आहे. आखातातलं प्रत्येक महाराष्ट्र मंडळ आणि प्रत्येक गोवेकर संघ ही या अर्थाने तयार यंत्रणा आहे, फक्त तिला आधीपासून हाताशी धरायला हवं.

त्यानंतरच्या मोहिमा भराभर सांगण्यासारख्या आहेत. 2006 मध्ये लेबनॉनहून नौदलाने बैरूत ते सायप्रस फेऱ्या करून दोन हजारांवर लोक काढले, त्यात श्रीलंकेचे आणि नेपाळचेही. 2011 मध्ये लिबियातून पंधरा हजारांच्या वर. 2015 मध्ये येमेनमधून 4,600 वर भारतीय आणि 41 देशांचे साडेनऊशेच्या पुढे परदेशी. एडनच्या धक्क्यावर गोळाबार चालू असताना आयएनएस सुमित्रा तिथे गेली. येमेनच्या बाबतीत दूतावासाने जानेवारीपासून, म्हणजे बॉम्बफेक सुरू होण्याच्या दोन महिने आधीपासून, निघा असं सांगितलं होतं. तरीही हजारो थांबले. का थांबले, हा प्रश्न महत्त्वाचा. कित्येकांचे पगार थकले होते आणि पासपोर्ट मालकाकडे होते.

आता मोसुल. यावर सावकाश बोलायला हवं, कारण इथे धीर देणंच चुकलं. जून 2014 मध्ये आयसिसने मोसुल घेतलं. तिक्रितच्या रुग्णालयातल्या 46 भारतीय परिचारिका, बहुतेक केरळच्या, त्यांच्या ताब्यात गेल्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुखरूप कोचीला उतरल्या. तो मोठा दिलासा होता. त्याच जूनमध्ये मोसुलजवळ 40 भारतीय बांधकाम मजूर पकडले गेले होते, बहुतेक पंजाबचे. त्यातला एक निसटून आला आणि सांगू लागला की बाकीच्यांना माझ्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या. सरकारने त्याचं म्हणणं मानलं नाही. वेगवेगळ्या सूत्रांचा हवाला देऊन 39 जण जिवंत असल्याचं संसदेत आणि संसदेबाहेर पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज कुटुंबीयांना अनेकदा भेटल्या. मोसुल मुक्त झाल्यावर, जुलै 2017 मध्येसुद्धा, ते बदुशच्या तुरुंगात असू शकतील अशी आशा दाखवली गेली. तो तुरुंग तर ढिगारा झालेला होता, हे तिथे पोहोचलेल्या पत्रकारांनी दाखवलं. 20 मार्च 2018 ला राज्यसभेत स्वराज यांनी सांगितलं की बदुशच्या एका टेकाडात सामूहिक कबर सापडली, डीएनए जुळले, 39 जण मृत आहेत. कुटुंबांना ही बातमी टीव्हीवरून कळली.

स्वराज यांची भूमिका समजण्यासारखी होती : पुरावा नसताना कुणाला मृत कसं म्हणू? खरंच आहे, मंत्र्याने पुराव्याशिवाय मृत म्हणू नये. पण मग पुराव्याशिवाय जिवंतही म्हणू नये. ‘आम्हाला माहीत नाही, शोध चालू आहे, एक माणूस असं सांगतो आहे, आम्ही ते पडताळतो आहोत’ एवढं म्हणण्याची सोय होती. ते ऐकायला कठोर लागलं असतं. मात्र पंजाबातल्या त्या घरांनी पावणेचार वर्षं काढली ती परतीच्या तारखेची वाट बघत. सुषमाताईंनी परदेशातल्या शेकडो अडलेल्या माणसांना एका ट्वीटवर हात दिला हे कुणी विसरणार नाही, आणि त्या लौकिकामुळेच त्यांच्या शब्दावर या कुटुंबांनी इतका भरवसा ठेवला.

उलट टोकाची चूकही होते. रशियाचा हल्ला झाला त्या दिवशी चीनच्या दूतावासाने युक्रेनमधल्या चिनी नागरिकांना सांगितलं, गाडीवर राष्ट्रध्वज लावा, संरक्षण मिळेल. दोन दिवसांत सांगणं बदललं, ओळख दाखवू नका. मधल्या काळात चीनविरुद्ध तिथल्या लोकांत राग वाढला होता. आपल्या मुलांना मात्र बसवरच्या तिरंग्याचा उपयोग झाला. दूतावासाला स्थानिक रस्त्यावरचं वारं कळलं पाहिजे, राजधानीतल्या गाठीभेटींतून ते कळत नाही.

इस्रायलची गोष्ट मराठी वाचकाला दोन बाजूंनी भिडते. रायगड जिल्ह्यातल्या गावांतून गेलेले बेने इस्रायली आज दिमोना, अश्दोद, रामला, बेर्शेबा इथे राहतात. त्यांच्यातल्या जुन्या पिढीची घरातली भाषा अजून मराठी आहे आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघत आलं आहे. ते तिथले नागरिक. त्यांना धीर कोण देतं? बऱ्याच अंशी सिमेंट देतं. 1991 च्या आखाती युद्धात स्कड क्षेपणास्त्रं पडल्यानंतर तिथे कायदा झाला की प्रत्येक नव्या घरात जाड भिंतीची, लोखंडी झडपेच्या खिडकीची एक सुरक्षित खोली हवी. तिला ‘ममाद’ म्हणतात. भोंगा झाला की गाझालगतच्या गावांत त्या खोलीत शिरायला 15 सेकंदं मिळतात, लांबच्या शहरांत दीड मिनिट. किती सेकंद हे प्रत्येक गावाला पाठ असतं. थेट मारा झाला तर ही खोलीही पुरत नाही, हे जून 2025 मध्ये इराणच्या क्षेपणास्त्रांनी दाखवलं. तरी रोजच्या भीतीवर ‘आपल्याकडे पंधरा सेकंदं आहेत’ या माहितीचा उतारा चालतो.

दुसरी बाजू म्हणजे तिथे वृद्धांची शुश्रूषा करायला गेलेले आपले लोक. 2023 मध्ये इस्रायलमधल्या सुमारे 18 हजार भारतीयांत त्यांचा वाटा मोठा होता. 7 ऑक्टोबर 2023 ला गाझालगतच्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वस्तीत, केरळच्या दोघी जणी आपल्या वृद्ध मालक-मालकिणीला घेऊन ममादमध्ये शिरल्या. ही खोली बॉम्बसाठी बांधलेली. आत शिरू पाहणाऱ्या माणसाला रोखेल असं कुलूप तिला नव्हतं. बाहेरून गोळ्या झाडल्या जात असताना त्या दोघी दाराची मूठ आतून घट्ट ओढून कित्येक तास उभ्या राहिल्या. इस्रायली दूतावासाने नंतर त्यांचं जाहीर कौतुक केलं. पाच दिवसांनी ऑपरेशन अजय सुरू झालं, विमानं फुकट होती, आणि 18 हजारांतले 1,343 प्रवासी, त्यात काही नेपाळी, एवढेच परतले. बाकीचे काही निडर होते म्हणून थांबले असं समजू नये. एजंटाचं कर्ज फिटलेलं नव्हतं, परतल्यावर पुन्हा व्हिसा मिळेल याची हमी नव्हती, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला टाकून निघायचं तरी कसं?

4 मार्च 2024 ला लेबनॉनच्या सीमेलगत मार्गालियोतमध्ये बागेत काम करणारा केरळचा तरुण रणगाडाभेदी क्षेपणास्त्राने मारला गेला. त्या पट्ट्यातली इस्रायली वस्ती ऑक्टोबरमध्येच हलवलेली होती. फळं तोडायला परदेशी मजूर राहिले होते. सीमाभाग सोडून सुरक्षित जागी जा, ही भारतीय दूतावासाची सूचना दुसऱ्या दिवशी आली. स्थानिकांना हलवलेल्या पट्ट्यात आपला माणूस कामाला असता कामा नये, ही अट कामगार पाठवण्याच्या करारातच घालता येते. त्यासाठी क्षेपणास्त्राची वाट बघायची गरज नव्हती.

अशी अट एका व्यवसायात आहे, आणि तो कोकणच्या घराघरांतला आहे : जहाजावरची नोकरी. 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा मालकांच्या आणि खलाशांच्या आंतरराष्ट्रीय मंचाने दक्षिण तांबडा समुद्र युद्धसदृश क्षेत्र ठरवला. या मंचाच्या करारात येणाऱ्या जहाजावरच्या खलाशाला तिथे जायला नकार देता येतो. नकार दिला तर कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं. गेला तर त्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास भरपाईही दुप्पट. सगळी जहाजं या करारात नाहीत, आणि नकार देणाऱ्याला पुढचं कंत्राट देताना कंपनी काय करते हे खलाशी आपसांत बोलतात. तरीही रत्नागिरीतल्या आईला ‘काळजी करू नका’ म्हणणाऱ्या कोणत्याही पत्रकापेक्षा या करारात दम जास्त आहे. ‘नको’ म्हणायचा हक्क आणि तिकिटाचा पैसा, दोन्ही त्यात लेखी आहे. हाच नियम परदेशातल्या विद्यार्थ्याला लावून बघा : दूतावासाने धोक्याची ठराविक पातळी जाहीर केली की त्या दिवसापासूनची गैरहजेरी भारतीय नियामकाने ग्राह्य धरायची. फिलिपाइन्सकडे अशा चार पातळ्या आहेत. तिसरीला स्वेच्छेने परत या, चौथीला सक्तीने, आणि कोणत्या देशाला कोणती पातळी लागू आहे हे मनिलातल्या कोणत्याही मोलकरणीच्या घरी ठाऊक असतं.

आपल्याकडे वैद्यकीय शिक्षणाच्या नियामकाचं उत्तर उशिरा आलं. युक्रेनहून परतलेल्या मुलांची वर्षं लटकली. सर्वोच्च न्यायालयात खेपा, काहींना दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात बदलीची परवानगी, शेवटच्या वर्षवाल्यांना एकदाची परीक्षेची संधी, असं तुकड्यातुकड्याने सुटलं. दरम्यान शेकडो मुलं पुन्हा युक्रेनला गेली. ऑक्टोबर 2022 मध्ये दूतावासाने त्यांना पुन्हा निघा म्हणून सांगितलं, आठवड्यात दोनदा. बरीच हलली नाहीत. पदवी तिथे होती.

जून 2025 च्या इराण-इस्रायल युद्धात सुधारणा दिसली, हे नोंदवायला हवं. 13 जूनला हल्ले सुरू झाले. दोनतीन दिवसांत तेहरानमधल्या विद्यार्थ्यांना कुमला हलवायला सुरुवात झाली, उर्मियातल्यांना आर्मेनियाच्या सीमेकडे. दूतावासाने टेलिग्रामवर वाहिनी उघडली, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी स्वतः शहर सोडावं असं स्पष्ट सांगितलं, संपर्कात नसलेल्यांना ठिकाण कळवायला सांगितलं. 19 जूनच्या पहाटे 110 विद्यार्थी येरेवानमार्गे दिल्लीत उतरले. मग इराणने मशहदहून खास विमानांसाठी आकाश उघडलं. दोन्ही देशांतून मिळून 4,400 वर लोक आले. खारकीव्हचा धडा कुठेतरी लिहून ठेवला गेला असावा.

पण त्याच युद्धात 23 जूनच्या संध्याकाळी इराणने कतारमधल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि एक वेगळाच प्रश्न उघडा पडला. कतारमध्ये आठ लाखांच्या आसपास भारतीय आहेत. आकाश काही तास बंद झालं. दूतावासाने सांगितलं, शांत राहा, घरात राहा, स्थानिक सूचना पाळा. त्या रात्री ते पुरलं, कारण बहुतेक क्षेपणास्त्रं वाटेतच पाडली गेली. मात्र आखातातल्या सहा देशांत मिळून 90 लाखांच्या घरात आपली माणसं आहेत. कुवेतच्या वेगाने, म्हणजे 59 दिवसांत 1 लाख 11 हजार, त्यांना आणायचं म्हटलं तर तेरा वर्षं लागतील. 1990 च्या विमानांचा अभिमान बाळगावा, पण आखातासाठी ते उत्तर आता संपलं आहे. तिथे युद्ध आलं तर बहुतेकांना जिथे आहेत तिथेच राहावं लागेल. मग प्रश्न असे : कामगारांच्या छावणीजवळ आसरा कुठे? समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने बंद पडले तर पिण्याचं पाणी किती दिवसांचं? काम बंद पडलं तर पगार चालू राहील का? सूचना तेलुगू, मल्याळम, भोजपुरी, मराठी समजणाऱ्यापर्यंत कोण पोहोचवणार? हे यजमान देशांशी शांततेच्या काळात बोलून ठरवायचे विषय आहेत. ‘शांत राहा’ या दोन शब्दांमागे असं काही ठरलेलं असेल तर ते शब्द बोलावेत.

इकडे घरी बसलेल्यांचीही बाजू आहे. युद्धाच्या पहिल्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर जुन्या चित्रफिती, भोंग्यांचे आवाज, लाल अक्षरं सुरू होतात आणि आईवडील मुलाला दर तासाला फोन करतात. त्याच्या फोनची बॅटरी तळघरात संपत आलेली असते. 2022 मध्ये महाराष्ट्रात पालकांना जिल्हा नियंत्रण कक्षाकडे नावं द्यायला सांगितलं गेलं, ते योग्यच होतं. केरळने तर 1996 पासून परदेशस्थ मल्याळींसाठी स्वतंत्र खातं चालवलं आहे आणि त्यांचे लोक कुठे किती हे त्याला बऱ्यापैकी माहीत असतं.

तुमच्या घरचं कुणी बाहेर असेल तर त्याने दूतावासाकडे नाव नोंदवलं आहे का, हे आज विचारा. नोंदणीला दहा मिनिटं लागतात आणि सुटकेची यादी तिच्यावरूनच बनते. एक ठरलेला निरोप आणि ठरलेली वेळ ठेवा, सतत फोन नको. आणि त्याचा पासपोर्ट त्याच्याच पेटीत आहे ना, हे बघा. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, आखातातल्या बहुतेक देशांत मालकाने तो ठेवून घेणं बेकायदा आहे, आणि तरी हजारो पासपोर्ट मालकांच्या कपाटात पडून आहेत. तो आत्ताच मागून घ्यायला सांगा. लढाई सुरू झाल्यावर मालक बहुधा आधी निघालेला असतो.